पिकलेले पाय

पाणखारच्या मिठागरात नवं माणूस उतरलं की आधी नाचायचं. उधाणाचं पाणी बांधाच्या दारातून आत घेत, वाफ्यांत कोंडत, आणि उन्हानं ते आटत आलं की त्याचा खार असा कडक होई की पायाला नुसती चीर असली तरी कळ थेट टाळूला जाई. आणि मिठागरातल्या माणसाच्या पायाला चीर नाही असं कधी होत नाही. मिठाचे खडे काचेसारखे धारदार, चिखलात कालवांच्या शिंपा रुतलेल्या, आणि वाफ्याचा तळ घट्ट बसावा म्हणून तो अनवाणी पायांनीच तुडवायचा. माणसं हातात हात घालून ओळीनं उभी राहत आणि एका ठेक्यात चिखल मळत. नव्या सुना पहिल्या मोसमात रडत. जुन्या बायका हसत आणि म्हणत, "रड गो, रड. पाय पिकले की गप बसशील."

पाय पिकणं हा पाणखारचा खास शब्द. आंबा अढीत पिकतो तसा माणसाचा पाय मिठात पिकतो, अशी त्या गावची समजूत होती. ज्याला खार झोंबेनासा झाला तो पक्का मिठागरी. सोयरीक जमवताना मुलीकडचे लोक तोऱ्यात सांगत, "आमच्याकडं आयसबापूस दोघांचे पाय पिकलेत."

उरणच्या खाडीकाठचं हे गाव. मिठाचा सत्याग्रह होऊन एक-दोन सालं झाली होती. तेव्हाची ही हकिकत. दिवस कलला की सगळा मेळा बांधावर बसे, गोड्या पाण्यानं पाय धुई आणि भेगांत उंडीचं तेल भरी. त्या बांधावर कसलीच लाज नव्हती. कुणाची टाच फुटली, कुणाला आव पडते, कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाचा म्हातारा खोकताना काय टाकतो, सगळं तिथं मोकळ्यानं बोललं जाई आणि त्यावर दहा जणांचे दहा उपाय निघत. दुखणं सांगितलं की हलकं होतं, हे त्या लोकांना कुणी शिकवावं लागत नव्हतं.

रंगूचे पाय दोन-तीन मोसमांपूर्वी पिकले. नवरा रावजी तापानं गेला त्यानंतरच्या उन्हाळ्यात एक दिवस तिच्या ध्यानात आलं की टाचेत शिंप घुसली आहे, रक्त पाण्यात पसरतं आहे आणि कळ म्हणून नाही. तिनं ते संध्याकाळी बांधावर सांगितलं तेव्हा बायकांनी तिच्या पाठीवर थाप मारली. एकट्या बाईनं मिठागर ओढायचं, त्यात देवानं एवढी सवलत दिली, असंच तिला वाटलं. घरात ती आणि तिची मुलगी बायजा. बायजाला सोळावं लागलं होतं आणि तीही आईच्या बाजूनं ओळीत उभी राहत होती.

पण पिकलेल्या पायांचा राजा म्हणजे कोंडाजी. म्हातारा मोठा बढाईखोर. एकदा बोलता बोलता तो चिलमीतून पडलेल्या निखाऱ्यावर उभा राहिला. लोकांना वास आला तेव्हा त्यांनीच त्याला सांगितलं. कोंडाजीनं पाय उचलून बघितला, निखारा झटकला आणि पुढचं वाक्य बोलला. त्या दिवशी बांधावर टाळ्या पडल्या होत्या.

*

त्या साली पौषात मचव्यातून एक डॉक्टर आला. मुरुडकडचा, नुरुद्दीन नावाचा, तिशीच्या आतला. सरकारनं त्याला खाडीकाठची गावं वाटून दिली होती आणि दर गुरुवारी तो पाणखारला येणार होता. मुकादम येसाजीच्या अंगणात त्याला बाकडं मांडून दिलं. सगळा गाव जमला. डॉक्टरनं डोळे बघितले, पोरांच्या प्लीहा चाचपल्या, खरजेला मलम दिलं. लोकांनी त्याच्यापुढं दुखण्यांची पोतडी सोडली. डॉक्टर खूश झाला. एवढं मोकळं गाव त्याला आजवर भेटलं नव्हतं.

मग त्यानं हात वर करून विचारलं, "मिठाचं पाणी पायांना झोंबत नाही, असं तुमच्यात कुणी आहे का?"

"असं इचारा की सायेब, झोंबतंय कुणाला," कोंडाजी म्हणाला, आणि अंगणभर हशा पिकला.

कोंडाजी छाती काढून पुढं आला. त्याच्या मागं आणखी काही जण उठले, कारण मान मिळायचा तर तो एकट्या कोंडाजीला का? म्हातारी सत्यवती उठली. रंगूला बायजानंच कोपरानं ढोसलं. "जा ना आये. तुझे न्हाय का पिकले?" रंगू लुगडं घोट्याच्या वर खोचून ओळीत उभी राहिली.

डॉक्टरनं कोंडाजीला बाकड्यावर बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाला, "मी हात लावीन तिथं बोट ठेवायचं." त्याच्या एका हातात कोंबड्याचं पीस होतं, दुसऱ्यात टाचणी. त्यानं पीस फिरवलं. कोंडाजी हसत बसून राहिला. त्यानं टाचणी टोचली, घोट्यावर, पोटरीवर, परत पावलावर. पावलावर रक्ताचा थेंब उभा राहिला.

"कवा सुरू करताय, सायेब?" मिटल्या डोळ्यांनी कोंडाजीनं विचारलं.

लोक आधी हसले. मग डॉक्टरचा चेहरा बघून हसणं आवरलं. डॉक्टरनं म्हाताऱ्याला उन्हाकडं वळवलं, पाठीवरचा फिकट चट्टा बघितला, कोपराच्या मागची शीर चाचपली. तो मनाचा सरळ माणूस. रोगाचं नाव रोग्यापासून लपवू नये असं त्याला शिकवलेलं होतं. कुणासमोर सांगायचं, एवढं तेवढं शिकवायचं राहून गेलं होतं.

"काका, हा महारोग आहे," तो म्हणाला. "घाबरू नका. यावर सुया निघाल्या आहेत, कडूकवठीच्या तेलाच्या. लवकर कळलं तर..."

पुढचं कुणी ऐकलं नाही. त्या शब्दानं अंगण मागं सरकलं, ओहोटीनं किनारा सोडावा तसं. कोंडाजी डोळे उघडून लोकांकडं बघत राहिला. त्याला वाटलं असावं, आता कुणीतरी हसेल.

ओळ मोडली होती. रंगू काही पडलेलं उचलावं तशी वाकली, बायकांत जाऊन बसली आणि तिनं पाय लुगड्याखाली घेतले.

"बाकीचे?" डॉक्टरनं विचारलं. "यांच्या मागं उभे होते ते?"

"आमी बगायला उभं होतो," सत्यवती म्हणाली.

*

कोंडाजीच्या मुलांनीच त्याला खोपटं बांधून दिलं, बाहेरच्या बांधाच्या टोकाला, जिथं पुढं नुसती खाडी आणि मागं नुसतं मीठ. विहिरीवर यायचं नाही, वाफ्यात उतरायचं नाही, हे येसाजी मुकादमानं ठरवलं. "उद्या मुंबईच्या व्यापाऱ्याला कळलं की आपल्या मिठात रक्तपिती फिरते, तर गाव बसलं," तो म्हणाला. कुणी वाद घातला नाही. रोज एका घरानं पाळीनं भाकरी न्यायची, खोपटाच्या अलीकडच्या दगडावर ठेवायची, हाक मारायची आणि मागं न बघता परतायचं. पुढच्या गुरुवारी डॉक्टरनं सगळ्यांना हात जोडून सांगितलं की विहिरीच्या पाण्यानं हे होत नाही. लोकांनी मान डोलावली. त्या दिवशी त्याच्यासमोर एकही माणूस दुखणं घेऊन आला नाही. ज्या पोराला मागल्या वेळी मलम दिलं होतं त्याची आई म्हणाली, "त्याला काय बी न्हाय आता." पोर तिच्या मागं उभं राहून खाजवत होतं.

आणि मिठागरात रडं सुरू झालं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी चिखल मळायला ओळ उतरली तशी सत्यवती ओरडली, "आई गं." मग तिच्या शेजारची. मग चार ठिकाणी. वर्षानुवर्षं जे निमूट खारात उभे राहिले होते ते बाप्ये आता पाय झाडत होते. संध्याकाळी बांधावर ज्याचं त्याचं एकच बोलणं, आज किती झोंबलं. लांबून कुणी ऐकलं असतं तर म्हटलं असतं, या गावावर कसली धाड आली आहे? पण धाड पडल्यासारखी धावपळ नव्हती. लोक ओरडत होते आणि ओरडून झालं की आजूबाजूला बघत होते, कुणी ऐकलं की नाही.

रंगूही ओरडायला शिकली. ते वाटतं तितकं सोपं नव्हतं. कळ नसली की केव्हा ओरडायचं ते कळत नाही, म्हणून डोळे सारखे पायाकडं ठेवावे लागतात. रक्त दिसलं की तोंड वाकडं करायचं, पाय उचलायचा, देवाचं नाव घ्यायचं. घरी आल्यावर ती दार लोटून एकेक बोट उजेडात धरून तपासू लागली. धाकट्या बोटाची नखाजवळची जखम भरत नव्हती. तिच्यावर ती चुना दाबी, वर चिंधी बांधी आणि बायजानं विचारलं की सांगे, "ठेच लागली."

ज्याला चोरी करावी लागते त्याला दुसऱ्याची चोरी दिसते. ओळीत उभ्या उभ्या रंगूला हळूहळू कळायला लागलं. ज्याला खरंच झोंबतं त्याच्या तोंडून ओरड आधी निघते आणि मग तो खाली बघतो. जो सोंग करतो तो आधी बघतो, मग ओरडतो. हे एकदा ध्यानात आल्यावर तिला ते विसरता येईना. सत्यवती आधी बघत होती. कोंडाजीचा धाकटा मुलगा आधी बघत होता. रंगू नजर काढून घेई, पण नजर परत तिथंच जाई, जिभेनं दुखऱ्या दाताला लागावं तशी.

शिमग्याच्या आधी बायजाचं लग्न ठरलं. मुलगा खाडीपलीकडचा, कान्हा नावाचा. त्यांचंही मिठागरच होतं. बायजानं त्याला जत्रेत बघितलेला होता आणि त्याचं नाव निघालं की ती उगाच भांडी घासायला घेई. त्याची आई आवडाबाई जाडजूड, गडगडाटी हसणारी बाई. तिनं मुलीला उलटून-पालटून न बघता पसंत केलं. जाताना तेवढं म्हणाली, "तुमच्या गावात कुणाला तरी मोठं दुखणं निघालं, असं ऐकलं. तुमच्यातलं कुणी न्हाय ना, विहीणबाय?"

"न्हाय," रंगू म्हणाली. "लांबचं बी न्हाय."

त्यानंतर चारच दिवसांनी बायजा वाफ्यात उभी होती. रंगूच्या अगदी बाजूला, तिचा हात रंगूच्या हातात. पोरीच्या पायाला शिंप लागली होती, रक्त वर आलं होतं. बायजानं खाली बघितलं. मग तिनं रंगूचा हात घट्ट दाबला, ओठ चावला आणि म्हणाली, "आये गं."

बायजानं आधी बघितलं होतं. पण ओळ हलत होती, तशी तीही पाय हलवत राहिली.

घरी आल्यावर तिनं बायजाला परसात दगडावर बसवलं, पाय धुवायला घेतले आणि म्हणाली, "डोळे मीट." झाडूची एक हीर मोडून तिनं पोरीच्या पावलावर टोचली. वरच्या बाजूला, बोटांच्या मुळाशी, रुपयाएवढी फिकट जागा होती. बायजा डोळे मिटून वाट बघत होती. रंगूनं परत टोचली.

"टोच ना," बायजा म्हणाली.

रंगूनं हीर टाकून दिली. कोंबड्या फिरत होत्या.

"कवापास्नं?"

"दिवाळीपास्नं. तेवढीच जागा हाय."

"मला का न्हाय सांगितलंस?"

बायजानं पाय लुगड्याखाली ओढले. अगदी रंगू ओढायची तसे. "तू कुठं सांगितलंस?" ती म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी रंगूनं बांधावर सांगून टाकलं की कोंडाजीची भाकरी ती एकटी नेईल. "म्हातारा माझ्या मालकाला मानायचा," ती म्हणाली. "माझ्या हातनं तेवढं पुण्य होऊ द्या." बायकांना सुटल्यासारखं झालं. पाळी चुकवायला सगळ्याच सबबी शोधत होत्या. एकदोघींनी तिचं कौतुकही केलं.

तिला पुण्याची पडलेली नव्हती. तिनं बांधावरून बघून ठेवलं होतं की गुरुवारी मचवा धक्क्याला लागण्याआधी डॉक्टर बाहेरच्या बांधाला उतरतो आणि कोंडाजीच्या खोपटात जातो. पाणखारात गुपित बोलायला आता तेवढीच एक जागा उरली होती. तिथं कुणी येत नव्हतं.

गुरुवारी ती बायजाला घेऊन गेली. दगडापाशी न थांबता खोपटात शिरली. कोंडाजी अंथरुणावर उघड्या पाठीनं बसला होता आणि डॉक्टर चट्ट्याभोवती सुया देत होता. कडू, उग्र तेलाचा वास भरला होता.

"ये पोरी," कोंडाजी म्हणाला. "भाकरी मला आणलीस का सुई न्यायला आलीस?"

रंगूनं पाय पुढं केले. मग बायजाचा पाय पुढं केला.

डॉक्टरनं दोघींना बघितलं. त्याला घाई नव्हती. "मुलीचं अगदी सुरुवातीचं आहे," तो म्हणाला. "दर आठवड्याला सुया घेतल्या, वर्ष-दीड वर्ष, तर इथंच थांबेल अशी मला उमेद आहे. तुमची बोटं वाचवू, बाई. गेलेली संवेदना परत येईल असं मात्र मी सांगत नाही."

"कुणाला कळता कामा न्हाय, सायेब."

"माझ्या तोंडून नाही कळणार." त्यानं कोंडाजीकडं बघितलं. "एकदा बोलून बसलो, तेवढं पुरे झालं."

सुया सुरू झाल्या. फाल्गुन गेला. आणि मग बांधावर एक चमत्कारिक गोष्ट होऊ लागली. सत्यवती एका संध्याकाळी रंगूला म्हणाली, "गो, तूच का सगळं पुण्य नेतेस? येत्या गुरुवारी कोंडाजीला मी घावणे नेते." पुढच्या आठवड्यात आणखी एका घरानं पाळी मागितली. मग कोंडाजीच्या धाकट्या मुलाला बापाची आठवण आली. ज्या दगडाजवळ जायला लोक थरथरत होते तिथं जायला आता भांडण लागायची पाळी आली, आणि तेही गुरुवारीच. कोंडाजी अंगानं भरला. "गावाचा माझ्यावर जीव बसलाय बघ," तो रंगूला म्हणाला आणि हसला, पण डोळ्यांनी हसला नाही. "मला हाकललं तवा मला वाटलं, मी एकटाच हाय."

एका गुरुवारी दोघी मायलेकी पोचल्या तर खोपटाचं दार आतून लावलेलं होतं. त्या बाजूला उभ्या राहिल्या. दार उघडलं आणि सदऱ्याच्या बाह्या खाली ओढत येसाजी मुकादम बाहेर आला. हातात झाकलेली थाळी. त्याच्या घरची पाळी आजवर कुणी बघितली नव्हती. रंगूला बघून तो जागच्या जागी थांबला.

"छप्पर बघायला आलतो, वहिनी," तो म्हणाला. "गळतं म्हणत होता."

चैत्राचं ऊन मिठावर पेटलेलं होतं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

"व्हय," रंगू म्हणाली. "गळत असंल."

येसाजी गेला. बांधावरून जाताना तो खाली, पावलांकडं बघत चालला होता. रंगू त्याच्या पाठीकडं बघत राहिली. हा माणूस आता आपलं नाव घेणार नाही, आपण त्याचं घेणार नाही. तिला हायसं वाटायला हवं होतं. पण समोर पसरलेल्या वाफ्यांत माणसं ओळीनं चिखल मळत होती, त्यांचं ओरडणं वाऱ्यावर येत होतं, आणि त्यातलं खरं किती नि खोटं किती हे आता देवालाही निवडता आलं नसतं. तिच्या अंगावर काटा आला. तेवढं अजून अंगाला कळत होतं.

त्या दिवशी डॉक्टरनं लग्नाचं विचारलं. अक्षय्य तृतीयेला, असं रंगूनं सांगितलं.

"पलीकडं माझी फेरी नाही," डॉक्टर म्हणाला. "हिच्या सुयांचं काय करणार? नवी सून दर आठवड्याला खाडी ओलांडून कुठल्या निमित्तानं येणार?"

"पयलं लगीन होऊ दे. मंग बघू."

"मग म्हणजे केव्हा? मध्ये सोडलं की हे पुन्हा चालायला लागतं. तुम्हाला माहीत आहे ते कुठवर जातं." त्यानं आवाज खाली आणला. "मी त्या घराला सांगणार नाही, बाई. माझा तो हक्क नाही. पण सांगितल्याशिवाय हिला औषध मिळायचं नाही."

"आणि सांगितलं तर लगीन मिळायचं न्हाय," रंगू म्हणाली.

बायजा कोंडाजीच्या हाताकडं बघत होती. म्हाताऱ्यानं चुलीवरचं मडकं उघड्या हातानं उतरवून ठेवलं होतं. त्याच्या बोटांचं कातडं पांढरं पडून सुटलं होतं आणि तो भाकरी मोडून खात होता.

*

हळदीच्या दिवशी त्या भागात मीठ लावायची रीत होती. नवऱ्याकडच्या बायका आपल्या मिठागरातलं जाडं मीठ घेऊन येत आणि हळदीच्या आधी नवरीच्या पावलांना चोळत. थट्टेचाच प्रकार. पोरगी किंचाळली की म्हणायचं, आमचा खार तुला मानवायला वेळ लागेल. गप बसली की म्हणायचं, तयार सून मिळाली. पण गेल्या पौषापासून गप बसण्याचा अर्थ बदलला होता आणि खाडीच्या दोन्ही काठांना तो ठाऊक होता.

"मीठ लागलं की ओरडायचं," रंगूनं आदल्या दिवशी बायजाला सांगितलं होतं. "एकदम न्हाय. दोनदा चोळलं की. मी तुझ्या पाठीशी बसते. मी चिमटा काढीन, तवा ओरड."

"मला येतंय," बायजा म्हणाली. "पौषापास्नं तुलाच बघते ना."

दारात मांडव होता, बाहेर ढोल वाजत होता, कान्हा आणि त्याच्याकडची पुरुष मंडळी मचव्यांतून उतरून सुपारी खात बसली होती. आत माजघरात पाणखारच्या बायका दाटीनं बसल्या होत्या. आवडाबाई बायजासमोर फतकल मारून बसली. तिनं मिठाची मूठ भरली आणि हसून म्हणाली, "बघू तुमच्या पाणखारचा पाय."

बायजानं पाय पुढं केले आणि डोळे मिटले.

रंगूला ते आवडलं नाही. डोळे मिटायचं ठरलं नव्हतं. डोळे मिटून बसलं की काय होतं ते येसाजीच्या अंगणात सगळ्यांनी बघितलं होतं. आवडाबाईनं मीठ चोळलं. एकदा, दोनदा. पावलावर, त्या फिकट जागेतच, शिंपेची ताजी चीर होती, मीठ तिच्यात भरलं. रंगूनं पोरीच्या दंडाला चिमटा काढला. बायजाचं तोंड बंदच राहिलं. रंगूनं नखं रुतवली. बायजानं मान हलवली, अगदी थोडी, आईला कळेल एवढीच.

आवडाबाईचा हात मंदावला. तिनं चीर बघितली. परत मीठ घेऊन, या वेळी न हसता, तिथंच दाबलं.

"आगो," ती म्हणाली, "झोंबत न्हाय का तुला?"

रंगूच्या जिभेवर शब्द तयार होते: थट्टा करते हो पोर, लई सोशीक हाय. एवढं म्हणून हसली असती तरी सत्यवती हसली असती, सगळ्या हसल्या असत्या, प्रसंग पुढं सरकला असता. पोर लग्न लागून भरतीच्या मचव्यातून सुखानं पलीकडं गेली असती.

बायजानं डोळे उघडले. "न्हाय," ती म्हणाली. "त्या जागी मला काय कळत न्हाय. मला सुया चालू हायेत. त्या मला सोडायच्या न्हायत."

ती आवडाबाईशी बोलत होती, पण हात मागं, आईच्या गुडघ्यावर होता. रंगूनं तो हातात घेतला. मग ती पुढं सरकली, पोरीच्या बाजूला बसली, धाकट्या बोटाची चिंधी सोडली आणि आपले दोन्ही पाय मिठाच्या परातीशी ठेवले.

"तिला माझ्यापास्नं झालंय, विहीणबाय," ती म्हणाली. "तुमी इचारलंत तवा मी खोटं बोलले."

आवडाबाईनं त्या बोटाकडं बघितलं. मग तिनं मान वर केली आणि पाणखारच्या बायकांवरून नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती नजर जिथं जिथं गेली तिथं तिथं लुगड्याच्या काठाखाली पाय आत गेले. सत्यवतीचे गेले. मुकादमाच्या बायकोचे गेले.

आवडाबाई उठली. मिठानं भरलेले हात अंगापासून लांब धरून, वाटेत कुणाला, कशाला न शिवता, ती दारापर्यंत गेली. उंबऱ्यावर ती घोटाळली. वळून बायजाकडं बघते की काय असं रंगूला वाटलं, पण ती वळली नाही. बाहेर जाऊन तिनं मुलाला हाक मारली.

ढोल थांबला. पुरुषांचं बोलणं आधी मोठं झालं, मग हळू, मग धक्क्याकडं लांब जात अगदीच ऐकू येईना. आत बायका एकेक करून उठू लागल्या. जाताना कुणी मिठावर पाय पडू दिला नाही. बायजाच्या चिरेतून रक्त येतच होतं, आणि रंगू ते पदरानं टिपत, दाराकडं बघत बसून राहिली.